राळेचं कुलूप

मुलांनो, या आठवड्यात मी खरं तर मुंग्यांच्या वारुळाबद्दल लिहिणार होतो. निम्मा लेख लिहूनही झाला होता. पण परवा एक पोस्टकार्ड आलं आणि मी मुंग्यांना म्हटलं, थांबा जरा. हे पोस्टकार्ड सातारा जिल्ह्यातल्या, सातवीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीनं बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी भरून पाठवलंय. ती लिहिते :

"काका, आमच्या गावामागच्या डोंगराला दर उन्हाळ्यात वणवा लागतो. रात्री अंगणातून पाहिलं की डोंगरावर दिव्यांची माळ लावल्यासारखं दिसतं. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात सांगितलं, की आगीमुळे जंगलाचा फायदा होतो. अमेरिकेत तर काही आगी मुद्दाम विझवत नाहीत. मी हे बाबांना सांगितलं तर ते रागावले. म्हणाले, असलं काही डोक्यात घेऊ नकोस. काका, कोण बरोबर? टीव्ही की बाबा?"

झाली की नाही पंचाईत! दोघंही बरोबर आहेत असं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, काका अंग काढून घेतायत. तेव्हा असं करू. टीव्हीवाल्यांनी बहुतेक ज्या जंगलाची गोष्ट सांगितली असेल, त्या जंगलात आधी जाऊन येऊ. मग सातारच्या डोंगरावर परत येऊ.

ते जंगल म्हणजे अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. १८७२ साली स्थापन झालेलं, जगातल्या अगदी पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. जवळजवळ नऊ हजार चौरस किलोमीटर एवढा त्याचा पसारा. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात, गवे चरतात, अस्वलं फिरतात. पण आपल्याला आज यातलं काहीच बघायचं नाही. आपल्याला बघायचंय तिथलं एक साधं झाड.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही 'सूचिपर्णी वृक्ष' हा शब्द वाचला असेल. सुईसारखी पानं असलेली झाडं. आपल्या हिमालयातला चीड त्यातलाच. यलोस्टोनमधल्या सूचिपर्णी झाडाचं नाव लॉजपोल पाइन. सरळसोट, बारीक खोडाचं झाड. तिथले मूळ रहिवासी आपल्या तंबूंना खांब म्हणून याचीच खोडं वापरत, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. तिथल्या जंगलात दहातली आठ झाडं याच जातीची. साल पातळ. त्यामुळे आग आली की हे झाड उभ्या उभ्या मरतं. पळसासारखं किंवा सागासारखं बुंध्यातून पुन्हा फुटणं याला जमत नाही. मेलं की मेलं.

मग इतक्या वर्षांत ते संपलं कसं नाही?

त्याचं उत्तर त्याच्या फळात आहे. फळ म्हणजे शंकूच्या आकाराचं, खवल्याखवल्यांचं लाकडी बोंड. आपल्याकडे समुद्रकिनारी सुरूची झाडं असतात ना, त्यांच्याखाली छोटी काटेरी बोंडं पडलेली असतात. तसंच काहीसं, पण मोठं. (सुरू हा खरा पाइन नव्हे, हे लक्षात ठेवा. नाहीतर तुमचे विज्ञानाचे सर मला पत्र लिहितील.) सुरूचं हिरवं बोंड कागदावर दोन-चार दिवस ठेवून बघा. वाळलं की खवले उघडतात आणि पंख असलेल्या इवल्याशा बिया कागदावर पडतात. लॉजपोल पाइनच्या काही झाडांची बोंडं अशीच, वाळली की उघडणारी असतात. पण बाकीच्या झाडांची बोंडं वाळली तरी उघडत नाहीत. खवल्यांच्या फटी राळेनं घट्ट बंद झालेल्या असतात. राळ म्हणजे डिंकासारखाच चिकट पदार्थ, वाळला की टणक होणारा. वर्षामागून वर्षं ही बंद बोंडं फांदीवरच राहतात. वारा हलवतो, बर्फ पडतं, पण कुलूप काही निघत नाही.

ते निघतं आगीनं. साधारण ४५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला राळ मऊ पडते. आगीचा लोट झाडावरून झपाट्यानं निघून जातो. झाड मरतं, पण जाड खवल्यांच्या आत बिया शाबूत राहतात. राळ वितळलेली, खवले उघडलेले, आणि खाली राख पसरलेली, वर ऊन यायला मोकळं आकाश. अशा जमिनीवर बिया पडतात. म्हणजे बघा, झाडानं आयुष्यभर केलेली बचत त्याच्या मरणाच्या दिवशी पोरांच्या हाती पडते.

आता १९८८ सालाकडे येऊ.

त्या वर्षी यलोस्टोनमध्ये वसंतात पाऊस बरा झाला होता, पण जूनपासून आभाळ जे रुसलं ते रुसलंच. उद्यानाच्या नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका कोरडा उन्हाळा झाला नव्हता. विजा पडून ठिकठिकाणी आगी लागल्या. १९७२ पासून उद्यानाचं धोरण असं होतं, की वीज पडून लागलेली आग माणसांना किंवा घरांना धोका नसेल तर जळू द्यायची, फक्त लक्ष ठेवायचं. त्याआधीची कितीतरी वर्षं दिसेल ती आग विझवायची, हाच नियम होता. धोरण बदलल्यावरच्या वर्षांत लागलेल्या बहुतेक आगी लहानच राहिल्या आणि आपोआप विझल्या. या वर्षीही तसंच होईल असं वाटलं. तसं झालं नाही. जुलैच्या २१ तारखेला ठरलं, की आता प्रत्येक आग विझवायची.

आणि गंमत पाहा. (गंमत कसली, दुर्दैव.) दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, उद्यानाच्या बाहेर लाकडं तोडणाऱ्या कुणाच्या तरी सिगारेटच्या थोटकानं एक आग लागली. ही आग पहिल्या दिवसापासून विझवण्याचा प्रयत्न झाला. तीच त्या उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी आग ठरली! नुसतं 'विझवा' म्हटल्यानं आग विझत नसते. वाऱ्यानं जळते निखारे दोन-दोन किलोमीटर पुढे उडत आणि तिथे नवी आग लावत. नद्या, दऱ्या, रस्ते, काही आड आलं नाही. २० ऑगस्टला तर एका दिवसात सुमारे ६०० चौरस किलोमीटर भागात आग फिरली. त्या शनिवारला तिकडचे लोक अजून 'काळा शनिवार' म्हणतात. ७ सप्टेंबरला आग जुन्या लाकडी हॉटेलाच्या दारात आली. १९०४ साली बांधून झालेलं, संपूर्ण ओंडक्यांचं हॉटेल. छतावर पाण्याचे फवारे सुरू केले, वाऱ्यानं ऐन वेळी दिशा बदलली आणि ते वाचलं. त्या उन्हाळ्यात सगळे मिळून सुमारे २५ हजार लोक आग विझवायला झटले, १२ कोटी डॉलर खर्च झाले. पण आगीचा जोर मोडला तो ११ सप्टेंबरला पडलेल्या थोड्याशा बर्फानं. माणसानं हात टेकले तिथे आभाळानं काम केलं.

हिशेब मांडला तेव्हा उद्यानाचा ३६ टक्के भाग आगीच्या टापूत आला होता. म्हणजे बृहन्मुंबईच्या पाच पटींहून जास्त. वर्तमानपत्रांनी, टीव्हीनं काळ्या खोडांचे फोटो दाखवले. यलोस्टोन संपलं, अशी हळहळ घरोघरी झाली. साडेतीनशेच्या आसपास एल्क, म्हणजे तिकडची मोठी हरणं, बहुतेक धुरानं गुदमरून मेली. त्याहून कितीतरी जास्त पुढच्या हिवाळ्यात उपासमारीनं मेली, कारण दुष्काळानं आणि आगीनं चारा गेला होता. हे मी मुद्दाम सांगतोय. 'आगीनं जंगलाचा फायदा होतो' हे वाक्य तोंडानं म्हणायला सोपं आहे. त्या हिवाळ्यातल्या एल्कला ते पटलं नसतं.

आता प्रश्न असा होता, की पुढे करायचं काय? रोपं आणून लावावीत, उपाशी जनावरांना चारा घालावा, असं सांगणारे पुष्कळ होते. उद्यानानं यातलं काहीच केलं नाही. आग अडवण्यासाठी माणसांनी आणि यंत्रांनी जमीन खरवडून जे पट्टे काढले होते, तेवढे मात्र बुजवले. ती जखम माणसानं केलेली, म्हणून ती माणसानं भरायची. बाकी जंगलाचं जंगल बघेल. हे धाडस होतं बरं का! उद्या काही उगवलंच नसतं तर?

उगवलं. पुढच्याच उन्हाळ्यात राखेतून गवत आणि रानफुलं वर आली, कारण बहुतेक ठिकाणी जमीन वरवरच भाजली होती, खालची मुळं आणि कंद जिवंत होते. आणि त्यांच्यामध्ये बोटभरही नसलेली लॉजपोल पाइनची रोपं. काही ठिकाणी तर इतकी दाट, की एका हेक्टरात लाखाच्या वर! काही ठिकाणी मात्र अगदी विरळ. जिथे कुलूपबंद बोंडांची झाडं जास्त होती तिथे दाट, जिथे कमी होती तिथे विरळ. उभ्या मेलेल्या खोडांत भुंगेऱ्यांनी अंडी घातली, त्यांच्या अळ्या खायला काळ्या पाठीचे सुतारपक्षी आले. त्यांनी कोरलेल्या ढोल्यांत पुढे निळ्या रंगाचे छोटे पक्षी राहायला आले. अ‍ॅस्पेन नावाचं एक झाड आहे. ते त्या भागात मुळांच्या फुटव्यांनीच वाढतं, बियांपासून जवळजवळ उगवतच नाही, असं अभ्यासक धरून चालले होते. त्याची बियांपासून उगवलेली रोपं जवळपास एकही मोठं अ‍ॅस्पेन नसलेल्या जागी सापडली. विद्वानांनी टोपी काढली!

मोनिका टर्नर नावाच्या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांचे सहकारी आग विझल्यापासून हे जंगल मोजतायत. हो, मोजतायत. दोरी टाकून चौकोन आखायचा, गुडघे टेकून बसायचं आणि रोपं मोजायची. त्यांना एक गोष्ट हवाई छायाचित्रांतही दिसली. ज्याला सगळे 'जळून खाक' म्हणत होते तो भाग सलग काळा नव्हताच. गोधडीसारखा होता. इथे काळं ठिगळ, तिथे तपकिरी, मध्येच हिरवं. जळालेल्या जागेतला बराचसा भाग हिरव्या किंवा थोड्याच होरपळलेल्या झाडीपासून दोनशे मीटरच्या आत होता. त्यामुळे बिया यायला, किडे यायला, पक्षी यायला लांबचा प्रवास नव्हता. हे ठिगळ फार महत्त्वाचं आहे. सगळं जंगल एकसारखं, एका वयाचं, एका स्वभावाचं असतं, तर असं झालं नसतं. अगदी एकाच जातीच्या झाडांतही काही वाळल्यावर बिया देणारी, काही आगीची वाट पाहणारी. घरात नाही का, एक भाऊ आल्या दिवशी पगार खर्च करणारा आणि दुसरा पोस्टात टाकणारा? दोघं असले की घर तरतं.

विल्यम रॉम या शास्त्रज्ञांनी १९८८ च्या आधीच झाडांच्या खोडांतली वलयं आणि आगीच्या जुन्या खुणा मोजून दाखवलं होतं, की १७०० सालाच्या सुमाराला तिथे अशाच प्रचंड आगी लागून गेल्या होत्या. म्हणजे हे जंगल शेकडो वर्षांतून एकदा जळत आलंय आणि मधल्या काळात बचत करत आलंय.

इथपर्यंत टीव्हीचं म्हणणं खरं ठरतं. कार्यक्रम बहुधा इथेच संपला असेल, छान संगीत वाजलं असेल. पण गोष्ट इथे संपत नाही.

२०१६ साली यलोस्टोनमध्ये पुन्हा मोठ्या आगी लागल्या. त्यांतली एक आग नेमकी १९८८ च्या राखेत उगवलेल्या पोरसवदा जंगलात शिरली. सुमारे १८० चौरस किलोमीटर भाग जळाला, बहुतेक तोच. ती झाडं होती २८ वर्षांची. आपल्या हिशेबानं पुरेशी मोठी. पण झाडाच्या हिशेबानं नुकती कमवायला लागलेली. बोंडं धरायला लागली होती, तरी म्हाताऱ्या झाडांवर साठते तेवढी शिल्लक अजून पडलीच नव्हती. शिवाय इतकं दाट आणि कोवळं जंगल, की आगीनं उभी झाडं तर खाल्लीच, खाली पडलेले १९८८ चे जुने ओंडकेही खाल्ले. काही ठिकाणी बुंध्यांचे नुसते खुंट उरले. टर्नरबाई पुन्हा दोरी घेऊन गेल्या. २०१९ साली त्यांनी जे निष्कर्ष छापले त्यात होतं, की अशा दोनदा जळालेल्या जागी नवी रोपं आधीच्या मानानं सहापटींनी कमी आहेत.

झाड तेच. राळ तीच. कुलूपही तेच. मग बिघडलं काय? मधली वर्षं कमी पडली. हवा तापतेय, बर्फ लवकर वितळतंय, उन्हाळा लांबतोय, त्यामुळे आग लवकर लवकर परत येतेय. कुलूप उघडलं, पण तिजोरीत काही नव्हतं.

उद्यानाचं धोरण आजही तेच आहे. माणसानं लावलेली आग विझवायची. विजेची, दूर रानातली आग असेल तर नजर ठेवून जळू द्यायची. पण आता तिथल्या लोकांना प्रत्येक वेळी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ही जागा याआधी कधी जळली होती? १९८८ साली हात न लावणं शहाणपणाचं ठरलं. उद्या प्रत्येक जागी ठरेलच असं नाही. मला स्वतःला वाटतं, जिथे बियाच उरल्या नाहीत तिथे माणसानं ओंजळभर बिया नेऊन टाकल्या तर त्यात कमीपणा नाही. पण हे माझं मत. तिकडे याच्या उलट म्हणणारेही जाणते लोक आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानात माणसानं लुडबुड किती करावी हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

चला, आता सातारला.

मैत्रिणी, तुझ्या डोंगरावर आग किती वर्षांनी लागते? तूच लिहिलंयस : दर उन्हाळ्यात. तीनशे वर्षांनी नाही, अठ्ठावीस वर्षांनीही नाही. आणि ती लावतं कोण? फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या सह्याद्रीत विजा पडत नाहीत, आभाळ स्वच्छ असतं. आपले वणवे जवळजवळ सगळे माणसानंच लावलेले किंवा माणसाच्या हातून सुटलेले असतात. जुनं गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, अशी समजूत असते. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे जाते. विदर्भात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. कुणी नुसतीच विडी टाकतं. यातली काही माणसं गरजेपोटी करतात, त्यांना एकदम वाईट ठरवू नका. पण डोंगराला ते कळत नाही.

आणि आपल्या झाडांकडे राळेचं कुलूप नाही. त्यांच्या युक्त्या वेगळ्या. सागाची, पळसाची मुळं आगीतून वाचतात, पावसाळ्यात बुंध्यातून नवे फुटवे येतात. म्हणूनच वणव्याच्या डोंगरावर तुम्हाला अशी ठराविकच झाडं दिसतात. पण गेल्या पावसात बी रुजून आलेलं वीतभर रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळलं, तर त्याची कसली बचत आणि कसली युक्ती! दरवर्षी असं झालं की म्हातारी झाडं तेवढी उभी राहतात आणि त्यांच्यामागे कुणी नसतं. उन्हाळा हा तित्तर-टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचाही काळ, हे आणखी वेगळंच. आपला वनविभाग हिवाळ्यातच जंगलातून गवत कापून आणि जाळून मोकळे पट्टे काढतो. त्यांना जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्यात वणवा आलाच तर त्याला पुढे खायला काही मिळू नये, म्हणून ही तयारी. तुमच्या गावाजवळ जंगल असेल तर अशी रेषा दिसते का बघा.

तर टीव्हीनं सांगितलं ते यलोस्टोनबद्दल, आणि तेही अर्धंच. तुझे बाबा बोलले ते समोरच्या डोंगराबद्दल, आणि त्यांनी तो डोंगर तुझ्यापेक्षा तीस-एक वर्षं जास्त पाहिलाय. त्यांना विचार, ते सातवीत होते तेव्हा तिथे कोणकोणती झाडं होती. मला वाटतं ते रागावणार नाहीत. बराच वेळ बोलत बसतील.

आणि एक काम दोघांनी मिळून करा. पाऊस ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरात पायांत बूट घालून डोंगरावर जा. एकटीनं जायचं नाही, साप-विंचू असतात. यंदा जळालेल्या जागी दोरीनं दहा फूट लांब, दहा फूट रुंद चौकोन आखा. तसाच दुसरा चौकोन ओढ्याकाठी, जिथे वणवा पोचला नव्हता तिथे आखा. टर्नरबाईंसारखे गुडघे टेका आणि मोजा. झाडांची किती रोपं आहेत आणि किती जातींची. एक खबरदारी : जुन्या बुंध्यातून आलेला फुटवा आणि बियांपासून उगवलेलं रोप यांत गल्लत करू नका, दोन्ही वेगवेगळी मोजा. ओळखता आलं नाही तर बाबांना विचार, त्यांना नक्की कळेल. जळालेल्या चौकोनाचे आकडे एका ओळीत, ओढ्याकाठचे दुसऱ्या ओळीत. एका पोस्टकार्डावर आरामात मावतील, दोन्ही बाजू भरायला नकोत.

बाकीच्यांनीही मोजायला हरकत नाही. डोंगर नसेल तर गायरान, माळ, गावाबाहेरची टेकडी चालेल. मी वाट पाहतोय. मुंग्या पुढच्या आठवड्यात.